पेपर लावलेलं डोकं

अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी इंदिरानगरात खोली शोधत फिरू लागलो, तेव्हा घरमालकांच्या प्रश्नांची मला चांगलीच सवय झाली होती. मटण खाता का, लग्न झालंय का, गाव कोणतं. गाव सांगितलं की आडनावावरून बाकीचं ते स्वतःच काढत. या घरमालकांनी मात्र यातलं काहीच विचारलं नाही. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खुर्ची टाकून ते बसले होते, मी खालून चढत होतो आणि ते माझ्या तोंडाकडे न बघता डोक्याकडे बघत होते.

"तुमच्या आईचे वडील," ते म्हणाले, "त्यांना केस होते का?"

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, "आठवत नाही."

"मग आईला विचारा. फोन आहे ना खिशात?"

खोली दक्षिणेकडची, हवेशीर होती, म्हणून मी तिथेच जिन्यात उभं राहून सटाण्याला आईला फोन लावला. तिनं आधी कोण वारलं ते विचारलं. मग म्हणाली, मरेपर्यंत भांग पाडायचे रे, कंगवा खिशात असायचा. मी ते जसंच्या तसं वर कळवलं. घरमालक खुर्चीतून उठले, माझ्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर त्यांनी अंगठा फिरवला आणि खुशीत म्हणाले, "म्हणजे हे दुसऱ्या वाटेनं आलंय. छान. खोली तुमची."

असं माझं पहिलं भाडेकरूपण माझ्या जात्या केसांवर मिळालं.

त्यांना सगळे सर म्हणत. आम्ही भाडेकरू, गल्लीतला दूधवाला, दिंडोरीकडचे शेतकरी, सगळेच. शेतकी कॉलेजात शिकवून निवृत्त झाल्यावर ते द्राक्षबागायतदारांना सल्ला देत. सकाळी स्कूटर काढून बागा बघायला जायचे, दुपारी परत येऊन जेवायचे, झोपायचे आणि चहा झाला की जिन्याच्या टप्प्यावर येऊन बसायचे. जागेची निवड शास्त्रीय होती. खालून चढणाऱ्या माणसाचा भोवरा तिथून नीट दिसतो. माणूस आरशात कपाळ बघत बसतो, मागे उगवलेला चंद्र त्याला दुसऱ्यानं सांगावा लागतो. ते सांगायचं काम सरांनी आनंदानं अंगावर घेतलं होतं.

सांगायची भाषा बागेची. नाशिककडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यात वेल पार बोडका करतात, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, तिच्यानंतर फळ येतं. मी अंबडहून दमून जिना चढायला लागलो की वरून आवाज यायचा, "इंजिनिअर, तुमची एप्रिल छाटणी जोरात चाललीय. ऑक्टोबरची वाट मात्र बघू नका." यात कुजकेपणा नावालाही नसायचा. बागेत करपा आलाय हे शेतकऱ्याला सांगावं, तितक्याच काळजीनं ते सांगायचे. समोरच्या गल्लीतल्या भाजीवाल्यानं एकदा चिडून विचारलं होतं, "सर, तुम्ही सोताचं बघा ना आधी." सर म्हणाले, "माझं काय बघायचं, माझा अहवाल केव्हाच पूर्ण झालाय."

तो खरोखरच पूर्ण झालेला होता. या कानामागून त्या कानामागे पांढरी झालर तेवढी शिल्लक, बाकी सगळं मोकळं रान. तरी ते टोपी कधीच घालत नसत. उन्हाळ्यात फक्त एक करायचे. द्राक्षाच्या घडाला ऊन लागून मणी लाल पडू नयेत म्हणून शेतकरी घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. त्याला पेपर लावणं म्हणतात. सर वर्तमानपत्राची होडीसारखी टोपी करून डोक्यावर चढवायचे आणि काकूंना, म्हणजे बायकोला, ओरडून सांगायचे, "मी पेपर लावलाय गं, निघतो!" अशा थाटात स्कूटरवरून जाणारा माणूस सिग्नलला उभा राहिला की बाजूचे लोक त्यांच्या डोक्यावरच्या बातम्या वाचत. सरांना त्याचं काही वाटत नसे. उलट ताजा पेपर घेतला पाहिजे, शिळा कोणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा मी कुठेतरी वाचून डोक्याला कांद्याचा रस चोळला. धुऊन, वर साबण लावूनही वास काही जाईना. जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो तोच वरून प्रश्न आला, "लासलगाव मार्केटमधून आलात का?" मग मला शेजारी बसवून त्यांनी व्याख्यान दिलं. असं व्याख्यान मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी दिलं नव्हतं.

"केस गळतात म्हणून टक्कल पडतं, ही पहिली चूक," ते म्हणाले. "केस सगळ्यांचेच गळतात. टकल्याचे परत येताना बारीक येतात. दर खेपेला आणखी बारीक, आणखी आखूड. शेवटी नुसती लव. आणि हे करतं कोण? पुरुषाचंच संप्रेरक. शरीर टेस्टोस्टेरॉनपासून एक जास्त तिखट रसायन करतं, डीएचटी. गंमत बघा, त्याच रसायनानं दाढी दाट होते आणि त्याच रसायनानं टाळू उघडी पडते. एकाच माणसात, एका वितीच्या अंतरावर."

"मग ते माझ्यात जास्त आहे?"

"तेच तर! सगळ्यांना तसंच वाटतं. जास्त नसतं. तुमच्या शेजारच्या दाट केसवाल्याइतकंच असतं. फरक मुळाच्या कानात आहे. जी.ए. ठाऊक आहे ना? द्राक्षाच्या घडाला देतात ते संप्रेरक. एकाच डब्यातलं, एकाच दिवशी दिलं तरी एका जातीचा मणी फुगतो आणि दुसरी जात ढिम्म हलत नाही. औषध तेच, ऐकणारा वेगळा. तुमच्या टाळूवरची मुळं फार ऐकतात. मागची, कानावरची मुळं ठार बहिरी, म्हणून ती टिकतात. आणि कोणती मुळं ऐकणार हे आईबापांनी ठरवून दिलेलं असतं. कांद्यानं काय होणार?"

"काहीच उपाय नाही?"

"त्वचेच्या डॉक्टरकडे गोळ्या आहेत, लवकर गेलात तर थोडं थांबतं. बाकी खात्रीचा उपाय एकच, वयात यायच्या आत करावा लागतो आणि तो बैलावर करतात. खच्ची केलेल्याला टक्कल पडत नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो! मुलाचं लग्न व्हायचंय अजून!" त्या माझ्याबद्दल बोलत होत्या.

हे ज्ञान सरांना फुकट मिळालेलं नव्हतं. अठ्ठावीस-तीसचे असताना त्यांचे स्वतःचे केस जायला लागले, तेव्हा त्यांनी चक्क द्राक्षाचं जी.ए. डोक्याला लावलं होतं. तेही अर्ध्याच डोक्याला. डावी बाजू प्रयोगाची, उजवी बाजू तुलनेला, मध्ये भांगाची सीमा. हा प्रयोग ते कुणालाही, अगदी पाहुण्यांनाही रंगवून सांगत. "निष्कर्ष काय निघाला?" असं विचारलं की दोन्ही हात डोक्यावरून फिरवायचे. "दोन्ही प्लॉट सारखेच गेले! वनस्पतीची किल्ली माणसाच्या कुलपाला लागत नाही, हे मी शिकवत होतो पोरांना. स्वतःचे केस जायला लागले की शिकवलेलं आठवत नाही हो." काकू पुढचं सांगायच्या, "नवीन लग्न झालेलं. मला वाटलं, यांची डावी उशीच का चिकट होते?"

काकू दिंडोरीकडच्या बागायतदाराची मुलगी. चार भाऊ, चौघांचेही केस घोड्याच्या आयाळीसारखे. त्या जोरावर काकूंनी तीस वर्षं नवऱ्याला धारेवर धरलं होतं. शनिवारी त्या सरांच्या डोक्याला तेल लावत आणि लावताना म्हणत, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमचं घराणंच बोडकं." सर डोळे मिटून तेलाचा आनंद घेत म्हणायचे, "आड कोणाचा, हे अजून सिद्ध व्हायचंय."

हे सिद्ध व्हायचं प्रकरण म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची टोपी.

काकूंच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. पांढरी टोपी, पांढरं धोतर, नव्वदीकडे झुकलेले, तरी रोज बागेत चक्कर. या आबांचे केस जगात कुणी पाहिलेले नव्हते. अंघोळ सगळे उठायच्या आधी, झोपताना मफलर. सर म्हणायचे, टक्कल आईवडील दोघांच्याही बाजूनं येतं, पण त्यातलं एक मोठं जनुक फक्त आईकडून मिळतं. आईला ते तिच्या वडिलांकडूनही आलेलं असू शकतं, आणि तिच्या स्वतःच्या डोक्यावर दाट केस असले तरी मुलाकडे जातं. "म्हणजे ओंकारच्या डोक्याचा अर्धा कागद त्या टोपीखाली आहे!" ओंकार म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला.

"तुमच्या भावांना केस आहेत ना पण, काकू?" मी एकदा काकूंची बाजू घ्यायला गेलो.

"मुलगे वडिलांकडून ते जनुक घेतच नाहीत!" सर उसळून म्हणाले. "भावांच्या केसांवरून आबांविषयी काहीच सिद्ध होत नाही. पुरावा टोपीखालीच आहे."

आता जावयानं सासऱ्याला टोपी काढा म्हणायचं कसं? सरांनी वाट बघितली. धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात फेटा बांधताना दिसेल म्हणून माना वळवून बघत होते, तर आबांनी फेटा टोपीवरूनच बांधून घेतला. एकदा रामकुंडावर सोबत गेले. आबांनी टोपीसकट बुडी मारली. "प्रत्यक्ष गोदामाईला दिसलं नाही, मला काय दिसणार," सर सांगायचे. सगळ्यात मोठी संधी आली ती आबांची आई वारली तेव्हा. दहाव्याला मुंडन होणार म्हणून सर गंभीर चेहऱ्यानं घाटावर पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. पण ते पोचेपर्यंत वस्तरा फिरून गेला होता, आणि त्यांच्या लक्षात आलं की मुंडन झाल्यावर सगळेच टकले. आबा, त्यांचे भाऊ, चुलत भाऊ, एका ओळीत चकचकीत डोकी. मग त्यांनी न्हाव्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर वस्तऱ्याला काही काम पडलं का हो? न्हावी म्हणाला, "साहेब, सकाळपासून एवढी डोकी झाली, कुनाचं कोनतं काय सांगू?"

ही सगळी गंमत गौरी-गणपतीत अचानक संपली.

ओंकार घरी आला होता तो कॅप घालून. घरात कॅप, जेवताना कॅप. त्यानं पसंत केलेली मुलगी, तिच्या घरचे साखरपुड्याची तारीख मागत होते आणि हा देत नव्हता. गौरी जेवणाच्या दिवशी सगळी पंगत बसलेली, मलाही बोलावलं होतं. सरांनी सवयीनं विचारलं, "मागून कितपत आलंय बघू?" पोरानं घास खाली ठेवला.

"बाबा, सगळ्या गावाची डोकी बघता. मला काय दिलंत ते बघितलंत? ती लोकं साखरपुड्यात फोटो काढणार. तुमच्याशेजारी उभं राहिलो की सगळ्यांना दिसेल, दहा वर्षांनी हा काय होणार आहे."

तिथे गप्प बसावं की नाही? दुसरा कोणीही बाप बसला असता. सरांनी केळीच्या पानावर मिठाच्या बोटांनी गुणसूत्र काढलं. हे आईचं, हे माझं, हे बघ, मोठा वाटा इकडून येतो. बोट काकूंच्या दिशेला होतं.

काकू वाढायच्या थांबल्या. "म्हणजे आता माझ्या माहेराला सणाच्या दिवशी पानावर काढायचं?" त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. तीस वर्षं त्यांनी ज्याची थट्टा केली, ते उलटून आपल्यावर आल्यावर त्यांना ते सोसलं नाही. ओंकार संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला.

त्यानंतर रविवारी फोन यायचा तो काकूंच्या मोबाइलवर. काकू आत बोलत, सर बाहेर वर्तमानपत्र धरून बसत. पान उलटायचे नाहीत. फोन संपला की विचारायचे, "काय म्हणत होता?" काकू म्हणायच्या, "बरा आहे." शनिवारचं तेलही बंद झालं. सर जिन्यावर बसायचे, पण मी चढून गेलो तरी वरून काही आवाज यायचा नाही. आपल्या केसांवर कोणी बोलत नाही याचं वाईट वाटेल, असं मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मला खरोखर वाईट वाटलं.

ऑक्टोबरात आबांच्या बागेत गोडी छाटणी निघाली. सरांची स्कूटर बिघडली होती म्हणून मी माझ्या जुन्या गाडीतून दोघांना घेऊन गेलो. पुढे सर, मागे काकू, मध्ये शांतता. बागेत पेठकडची मजूर मंडळी कात्र्या घेऊन ओळीओळीनं काड्या कापत होती. बांधावर ओंकार उभा होता, डोक्यावर कॅप. आबांनी त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं, आम्हाला कुणाला न सांगता.

दुपारी लिंबाखाली भाकरी, पिठलं, ठेचा. सगळे गोल बसलो. आबांनी नातवाकडे बघितलं.

"जेवताना टोपी काढ रे."

"तुम्ही पण घातलीय की, आबा."

काकू "ओंकार!" म्हणाल्या, पण आबांनी हात वर केला. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, धोतराला पुसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

खाली एकही केस नव्हता. कपाळ उन्हानं काळं झालेलं आणि जिथे टोपीची कड यायची तिथे रेघ मारल्यासारखा रंग बदललेला. वरचं सगळं गोरंपान, नितळ, पेपर लावलेल्या घडासारखं. आईचा दहावा सोडला तर जन्मभरात त्या डोक्याला ऊन लागलेलं नव्हतं.

"पंचविशीतच गेले," आबा म्हणाले. "तुझ्या आजीला बघाया गेलो तवा टोपी होती. पुढं काढायचा धीरच झाला नाय. लय वर्सांनी तिनं पाह्यलं. रडायला लागली. म्या म्हनलं, एवढं काय वाईट हाय का? ती म्हनली, नाय हो, मला वाटायचं आत जखम हाय काहीतरी, मोठी, म्हनून तुमी दाखवीत नाय. इतकी वर्सं मी देवाला नवस बोलत व्हते." आबांनी टोपीवरची धूळ झटकली. "झाकलं का मानसं त्याच्याहून वाईट समजत्यात, पोरा. त्या पोरीला दाखव. पयल्यांदा दाखव."

ओंकारनं कॅप काढली. कपाळ मागे सरकलेलं, मध्ये विरळ. माझ्यापेक्षा बरं होतं, खरं सांगायचं तर.

आणि मग आम्ही सगळ्यांनी सरांकडे बघितलं. तीस वर्षं ज्या पुराव्यासाठी हा माणूस घाटावर, मांडवात माना वळवत फिरला, तो पुरावा समोर उन्हात चमकत होता. काकूंची मान खाली, भाकरीचा तुकडा हातात तसाच. सरांच्या पानात मीठ होतं, बोट मिठाजवळ होतं. मी मनात म्हटलं, सर, आता गुणसूत्र काढू नका.

"बाबा," ओंकारनं विचारलं, "म्हणजे हे खरंच आईकडून आलं?"

"दोन्हीकडून येतं," सर म्हणाले. "पण तुझ्यात माझंच जास्त आहे." मग उठून त्यांनी पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं, मांडीवर घडी घालून दोन टोप्या केल्या. एक आबांच्या डोक्यावर ठेवली. "ऊन आहे, आबा. सवय नाही त्याला." दुसरी हातात धरून ते मुलासमोर उभे राहिले. पोरानं डोकं पुढे केलं.

मजूर बायका कात्र्या थांबवून बघत होत्या. एक हसायला लागली, मग सगळ्याच हसल्या, आणि काकू हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या.

परतताना गाडीत पुन्हा पुढे सर, मागे काकू. शहर जवळ आलं तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "माझंच जास्त आहे म्हणालात, ते शास्त्रात बसतं का?"

सर समोरच्या काचेतून बघत राहिले. "नाही बसत," ते म्हणाले.

काकूंनी मागून हात पुढे केला आणि त्यांच्या टाळूवर नुसता ठेवला. शनिवार नव्हता, तेलही नव्हतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन जिना चढत होतो. वरून खूप दिवसांनी आवाज आला, "इंजिनिअर, जरा थांबा, मान खाली करा." मी आनंदानं केली. त्यांचं बोट माझ्या भोवऱ्यावर पोचलं आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. काकूंचा नव्हे, त्यांचा. कुणी शेतकरी असेल म्हणून त्यांनी तो वाजू दिला, मग चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन जवळ धरली. ते खुर्चीत नीट सावरून बसले.

"तुम्ही वर जा," ते मला म्हणाले, "तुमचं डोकं उद्या बघतो."